धुराचा धनी

विस्तवाला धनी असतो, धुराला नसतो. चूल कोणाची, भट्टी कोणाची, बंब कोणाचा हे बोट दाखवून सांगता येते. परंतु धुराड्याबाहेर पडलेला धूर चार हात वर गेला, की तो कोणाचाच राहत नाही. शेजाऱ्याच्या धुरात मिसळून तो साऱ्या गावाचा होतो, आणि जे साऱ्या गावाचे ते कोणाचेच नव्हे, असा जगाचा अनुभव आहे. म्हणूनच एखाद्या महानगराची हवा बिघडली म्हणजे पहिला वाद उपस्थित होतो तो हाच, की हा धूर आला कोठून? प्रश्न दिसण्यात रसायनशास्त्राचा आहे. वस्तुतः तो राज्यकारभाराचा आहे आणि मनुष्यस्वभावाचाही आहे. कारण उगम ठरला, की दोष ठरतो, आणि दोष ठरला, की खर्च कोणी सोसावयाचा हेही ठरते. या एका प्रश्नाचे उत्तर कायद्यात उतरविण्यास लंडन शहराला साडेसहाशे वर्षे लागली. त्या दीर्घ शोधाची हकीकत आज दिल्ली, कोलकाता आणि मुंबई या शहरांनाही परकी वाटण्याचे कारण नाही.

लंडनच्या धुराचा आरंभ कोळशापासून होतो. इंग्लंडच्या ईशान्येस न्यूकॅसलच्या परिसरात निघणारा दगडी कोळसा गलबतांनी किनाऱ्याकिनाऱ्याने लंडनला येत असे. म्हणून त्याला ‘समुद्री कोळसा’ असेच नाव पडले होते. तेराव्या शतकात घरात जाळण्यासाठी लोक लाकूड वापरीत. कोळसा घेत ते प्रामुख्याने चुना भाजणारे आणि लोहार. त्याचा दर्प लोकांना असह्य वाटे. १२५७ मध्ये तिसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर हिने कोळशाच्या धुराला कंटाळून नॉटिंगहॅम सोडल्याची नोंद आहे. लंडनच्या चुनाभट्ट्यांविषयीच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी १२८५ मध्ये एक मंडळ नेमले गेले, आणि १३०६ मध्ये पहिल्या एडवर्ड राजाने भट्ट्यांतून समुद्री कोळसा जाळू नये असा हुकूम काढला. हुकूम निघाला, पण टिकला नाही. जंगले मागे हटत चालली होती, लाकूड महाग होत होते आणि कोळसा नदीच्या घाटावर येऊन पडत होता. राजाज्ञा एकीकडे आणि बाजारभाव दुसरीकडे, अशा सामन्यात बहुधा बाजारभावच जिंकतो.

सोळाव्या शतकात मोठी गोष्ट घडली, ती मात्र फारशा गाजावाजाशिवाय. पूर्वी घराच्या मधोमध विस्तव पेटे आणि छपराच्या भोकातून धूर वाट काढी. अशा घरात कोळसा जाळणे अशक्यच होते. आता विटांची धुराडी घरोघर बांधली जाऊ लागली आणि त्यांच्याबरोबर कोळसा घरात शिरला. १६०० च्या सुमारास दोन लाखांच्या घरात असलेली लंडनची वस्ती शतकाअखेर पाच लाखांवर गेली, आणि या बहुतेक घरांतील शेगडी कोळशावरच पेटू लागली. धुराचा मुख्य उगम अशा रीतीने कारागिराच्या भट्टीतून गृहस्थाच्या दिवाणखान्यात येऊन बसला. तक्रारीचे बोट मात्र होते तेथेच, भट्टीकडे, रोखलेले राहिले. १५७८ मध्ये एलिझाबेथ राणीला कोळशाच्या धुराचा त्रास होऊ लागला, तेव्हा दोष आला तो बीअर गाळणाऱ्यांवर. आणि राजवाड्याच्या आसपास आपण लाकूडच जाळू, असे आश्वासन त्यांना द्यावे लागले.

१६६१ मध्ये जॉन एव्हलिन या विद्वान गृहस्थाने दुसऱ्या चार्ल्स राजाला ‘फ्युमिफ्यूजियम’ नावाची पुस्तिका अर्पण केली. शहराच्या हवेवर लिहिलेल्या पहिल्या स्वतंत्र ग्रंथांत तिची गणना होते. धुराने वस्त्रे मळतात, झाडे खुरटतात, फुप्फुसे नासतात, हे एव्हलिनने मोठ्या तळमळीने सांगितले. बीअर गाळणारे, रंगारी, चुना भाजणारे, साबण व मीठ करणारे यांना शहराबाहेर नदीच्या खालच्या अंगाला न्यावे आणि शहराभोवती सुवासिक झाडाझुडपांची बने लावावीत, अशी त्याची योजना होती. परंतु उगमाच्या निर्णयात तो चुकला. स्वयंपाकघरातील विस्तव क्षीण असतो, त्याचा धूर सहज विरून जातो, असे म्हणून त्याने घरच्या चुलीला निर्दोष ठरविले. एका चुलीपुरते ते खरेही असेल. पण लाख चुलींचा हिशेब एका चुलीवरून होत नाही. एव्हलिनची ही चूक पुढे तीनशे वर्षे इंग्लंडच्या कायद्यात वास्तव्य करून राहिली.

मध्यंतरी १६६६ च्या महाअग्नीत जुने लंडन जळाले. शहराच्या पुनर्बांधणीसाठी पैसा हवा होता. तो लंडनला येणाऱ्या कोळशावर कर बसवून उभा करण्यात आला. सेंट पॉलचे भव्य मंदिर उभे राहिले ते बव्हंशी याच करातून. ज्या कोळशाच्या कराने त्याचा पांढरा दगड रचला, त्याच कोळशाच्या काजळीने तो पुढे काळा केला. लंडन आपल्या धुरावर असे पोसले जात होते, आणि ज्यावर पोट चालते त्याचा दोष सहसा कोणाला दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकात वाफेचे यंत्र आले आणि कारखान्यांची उंच धुराडी शहराच्या माथ्यावर उभी राहिली. ती सर्वांच्या नजरेत भरणारी होती. पार्लमेंटने १८२१ मध्ये वाफेच्या यंत्रांच्या भट्ट्यांविषयी पहिला कायदा केला. १८५३ मध्ये लॉर्ड पामरस्टन गृहमंत्री असताना खास लंडनसाठी दुसरा झाला. आणि १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याने उपद्रवकारक काळा धूर सोडणे हा सगळ्या देशात दोष ठरविला. परंतु या कायद्यात दोन फटी होत्या. पहिली ‘काळा’ या शब्दात होती. आमच्या अशिलाचा धूर काळा नसून गडद तपकिरी होता, असा बचाव वकील करीत आणि तो कधीकधी मान्यही होई. दुसरी फट अधिक मोठी होती. खाजगी राहत्या घराचे धुराडे या कलमातून स्पष्ट शब्दांत वगळले होते. इंग्रजाला आपले घर किल्ल्यासारखे वाटते आणि त्या किल्ल्याच्या मध्यभागी शेगडीतला उघडा विस्तव असतो. तेथे सरकारी निरीक्षकाला पाठविण्याची छाती कोणत्याही मंत्रिमंडळाला होत नव्हती.

सत्य कोणालाच दिसत नव्हते, असे मात्र नाही. १८७३ च्या डिसेंबरातील दाट धुक्यात लंडनच्या पशुप्रदर्शनातील जनावरे गुदमरून मेली. १८८० च्या आरंभीच्या धुक्यात मृत्यूंचा आकडा भयंकर चढला. त्याच वर्षी माजी पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांचे पुत्र रोलो रसेल यांनी एक पुस्तिका लिहून साफ सांगितले, की लंडनच्या विषारी धुक्याचे मुख्य कारण कारखाने नसून घराघरातील शेगड्या आहेत. ऑक्टेव्हिया हिल यांच्यासारख्या समाजसेविकेने या कामी पुढाकार घेतला आणि १८८१-८२ मध्ये कमी धुराच्या शेगड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. लोक प्रदर्शन पाहून आले आणि घरी येऊन त्यांनी जुनीच शेगडी पेटविली. घरांना कायद्याच्या कक्षेत आणणारी विधेयके १८८४ पासून पुढे काही वर्षे लॉर्डांच्या सभागृहात येत राहिली आणि पडत राहिली.

घरच्या शेगडीचा धूर अधिक घातक का, याचे उत्तर साधे आहे. दगडी कोळसा तापू लागला म्हणजे प्रथम त्यातून डांबरी वाफा निघतात. बॉयलरच्या भट्टीत उष्णता प्रखर असते आणि हवेचा झोत नियंत्रित असतो. त्यामुळे या वाफांचा पुष्कळसा भाग जळून जातो. उघड्या शेगडीत तेवढी धग नसते. वाफा न जळताच वर जातात, थंड होतात आणि त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात. राखेचा जाड कण लवकर खाली बसतो. हे कण केसाच्या जाडीच्या तुलनेतही नगण्य असल्यामुळे दिवसचे दिवस तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. त्यातच कारखान्याचे धुराडे उंच असते, घराचे ठेंगणे. कारखान्याचा धूर वाऱ्यावर दूर जाण्याचा संभव असतो. घरचा धूर गल्लीतच, माणसाच्या नाकाशी घुटमळतो.

विसाव्या शतकात मोजमापाची साधने आली आणि अंदाजाला पुरावा मिळाला. डॉ. जॉन स्विट्झर ओवेन्स यांनी हवा गाळणकागदातून ओढून त्यावर पडणाऱ्या काळ्या डागांवरून तासातासाचा धूर मोजला. सकाळी घरोघर शेगड्या पेटण्याच्या वेळी धूर झपाट्याने वर चढे. आणि रविवारी, लंडनकर उशिरा उठत तेव्हा, तो चढही उशिरा सुरू होई. कारखान्याचा भोंगा आणि गृहस्थाची साखरझोप यांपैकी धूर कोणाची वेळ पाळतो, हे त्या कागदाने निमूटपणे लिहून ठेवले. तरीही १९२६ च्या सुधारित कायद्यात घरे वगळलेलीच राहिली.

मग १९५२ चा डिसेंबर उजाडला. दुसरे महायुद्ध जिंकून सात वर्षे झाली होती, तरी कोळशावर नियंत्रण होते. चांगला कोळसा परदेशी विकून देशाला पैसा मिळवावयाचा होता. घरच्या शेगडीसाठी हलक्या प्रतीचा भुकटीमिश्रित कोळसा डिसेंबरच्या आरंभी नियंत्रणमुक्त करण्यात आला. शुक्रवार, दिनांक ५ रोजी थंडीचा कडाका पडला आणि वारा थांबला. एरवी जमिनीलगतची उबदार हवा वर जाते व धूरही नेते. त्या दिवशी गार हवा खाली आणि उबदार हवेचा थर वर, अशी उलटी स्थिती झाली. शहरावर जणू झाकणच बसले. लोकांना थंडी वाजत होती, म्हणून त्यांनी शेगड्यांत आणखी कोळसा घातला; आणि त्या झाकणाखाली धूर साठत गेला. एकेका दिवसात सुमारे १००० टन धूम्रकण हवेत मिसळत होते. त्यांच्या जोडीला गंधकाचा वायू होता आणि धुक्याच्या थेंबांत त्याचे आम्ल बनत होते. बसगाड्यांपुढे कंदील घेऊन माणसे चालली. एका नाट्यगृहात धुके आत शिरल्यामुळे चालू संगीतिका बंद करावी लागली. मंगळवारी, ९ तारखेस, वारा सुटला आणि झाकण उडाले.

विशेष हे, की त्या पाच दिवसांत शहराला आपल्यावर काय संकट आले आहे, याची कल्पना नव्हती. धुके लंडनला नवे नव्हते. मृत्यूंच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा नेहमीपेक्षा सुमारे ४००० माणसे अधिक मेल्याचे उघड झाले; त्यांत म्हातारे, तान्ही मुले आणि छातीचे रोगी पुष्कळ होते. पुढील दोन-तीन महिन्यांत मृत्यूंचे प्रमाण चढेच राहिले, तेव्हा सरकारने त्याचा दोष इन्फ्लुएन्झावर घातला. अर्धशतकानंतर, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते मृत्यूही हिशेबात धरले, आणि एकूण आकडा १२००० च्या आसपास जातो असे दाखविले.

सरकार प्रथम टाळाटाळ करीत होते. लोकमताचा रेटा वाढल्यावर जुलै १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीव्हर हे इंजिनियर होते आणि बीअरच्या एका विख्यात कारखान्याचे व्यवस्थापकीय संचालक होते. एलिझाबेथ राणी आणि एव्हलिन यांनी ज्या धंद्यावर धुराचे खापर फोडले होते, त्याच धंद्यातील माणसाने शेवटी खरा हिशेब मांडला. देशात जळणाऱ्या कोळशापैकी पाचव्या हिश्शाहून कमी कोळसा घराघरांत जळतो, पण देशाच्या धुरापैकी जवळजवळ निम्मा धूर घरांतून येतो, असे समितीने सांगितले. तिच्या शिफारशींवरून ५ जुलै १९५६ रोजी स्वच्छ हवेचा कायदा संमत झाला. धूरबंदीचे विभाग आखण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला आणि प्रथमच घरचे धुराडे कायद्याच्या कक्षेत आले.

या कायद्याचे खरे मर्म मात्र बंदीत नव्हते. जुनी शेगडी काढून कोक, गॅस अथवा वीज यांवर चालणारी नवी सोय करण्याच्या वाजवी खर्चापैकी दहात सात हिस्से सार्वजनिक तिजोरीतून मिळण्याची तरतूद त्यात होती. निरीक्षक दारात आला तो हातात दंडाची पावती घेऊन आला नाही. अनुदानाचा अर्ज घेऊन आला. त्यामुळेच ज्या उंबरठ्याला पार्लमेंट सत्तर वर्षे बिचकत होते, तो कायद्याने शांतपणे ओलांडला. पुढे समुद्रातील नैसर्गिक वायूचे साह्य झाले, वस्तीतील जीवनमान बदलले, आणि सत्तरीच्या दशकापर्यंत लंडनचा काळा धूर बहुतांशी ओसरला. हिवाळ्यात मध्य लंडनला पूर्वीपेक्षा अधिक ऊन दिसू लागले. सेंट पॉलचा दगड घासून पुन्हा पांढरा करण्यात आला.

याच इतिहासाची एक शाखा आपल्या देशातही फुटली. तेव्हाची राजधानी असलेल्या कोलकात्यासाठी धुराच्या उपद्रवाचा कायदा १८६३ मध्येच झाला होता. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत इंग्लंडहून फ्रेडरिक ग्रोव्हर नावाचे तज्ज्ञ बोलावण्यात आले आणि १९०५ मध्ये बंगालचा अधिक कडक कायदा आला. मुंबईचा १९१२ मध्ये. निरीक्षक हातात फिकट ते गडद छटांचा तक्ता घेऊन गिरण्यांच्या धुराड्यांकडे पाहात आणि धूर कितपत काळा आहे ते लिहून घेत. यंत्रांच्या भट्ट्या त्यामुळे काहीशा सुधारल्या. परंतु लंडनच्या कायद्यातील ती जुनी फटही आगबोटीतून येथवर आली होती. खाजगी घरातील चूल या कायद्यांतूनही वगळण्यात आली. हिवाळ्याच्या सायंकाळी कोळशाच्या आणि गोवऱ्यांच्या चुलींचा धूर कोलकात्याच्या गल्ल्यांवर पसरे. तो कोणत्याच तक्त्यात बसत नव्हता. घरोघरी मातीच्या चुली असे आपण म्हणतो. पण कायद्याच्या वहीत त्यांपैकी एकही नव्हती.

वरवर पाहता ही सूट म्हणजे गरिबावर केलेली दया होती. तथापि जो हिशेबात नाही, त्याला दंड होत नाही तशी मदतही होत नाही. कारखान्याची भट्टी सुधारण्यासाठी तज्ज्ञ आले, मंडळे बसली, तक्ते छापले गेले. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांतील पाण्याची दखल कोणी घेतली नाही. केवळ स्वयंपाकाच्या गॅससाठी देशव्यापी उज्ज्वला योजना निघाली ती १ मे २०१६ रोजी. म्हणजे कोलकात्याच्या पहिल्या कायद्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. टाकी घरात आली, तरी ती पुन्हा भरण्याचा खर्च परवडेल तितकीच ती चुलीची जागा घेते, हा अनुभवही तिच्यामागोमाग आला.

लंडनमध्ये निदान एक मुख्य उगम होता. दिल्लीत तसा एक धनी सापडत नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला आणि २००२ च्या अखेरीस तो अमलात आला. हवेला काही काळ उतार पडला, पण वाढत्या वाहनसंख्येने तो टिकू दिला नाही. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा दिल्लीच्या हवेविषयीचा अहवाल २०१६ मध्ये पुढे आला. त्यातील आकडे विचार करावयास लावणारे आहेत. हिवाळ्यातील अतिसूक्ष्म कणांत सुमारे ३० टक्के कण असे होते, की जे कोणत्याही धुराड्यातून कणाच्या रूपाने निघालेलेच नाहीत. वीजकेंद्रे, वाहने आणि शेती यांतून निघालेल्या वायूंच्या संयोगाने ते हवेतच जन्मले होते. सुमारे २६ टक्के कण लाकूडफाटा, गोवऱ्या, शेतातील काड असे पदार्थ जाळल्याचे होते, आणि २५ टक्के वाहनांचे. रस्त्यांची व मातीची धूळ हिवाळ्यात जेमतेम ४ टक्के होती. उन्हाळ्यात तीच चौथ्या हिश्शाहून अधिक झाली. म्हणजे दिल्लीच्या धुराचा धनी ऋतूबरोबर बदलतो. जो एका हंगामात निर्दोष, तो दुसऱ्या हंगामात प्रमुख अपराधी. मोटारवाल्याने शेतकऱ्याकडे बोट दाखवावे, शेतकऱ्याने कारखान्याकडे आणि कारखानदाराने रस्त्यावरील धुळीकडे. प्रत्येकाचे म्हणणे वर्षातून काही आठवडे खरे ठरते आणि बाकीचे वर्ष वादात जाते.

लंडनचा शोधही पुरता संपलेला नाही. कोळसा गेला, पण डिझेल आले. २००१ मध्ये ब्रिटनच्या करपद्धतीने कार्बन वायू कमी सोडणाऱ्या मोटारींना सवलत दिली आणि डिझेलगाड्या वाढल्या. त्यांच्या धुरासाठी २०१९ मध्ये मध्यभागी आणि २०२३ मध्ये सबंध शहरात दंडाचा कर बसवावा लागला. आणि अलीकडे सुखवस्तू घरांतून लाकडाच्या शेगड्या हौसेने पुन्हा पेटू लागल्या. इंग्लंडातील सूक्ष्म कणांच्या मोठ्या उगमांत त्यांची गणना होते. चूल घरातून काढली, तरी विस्तवाचे प्रेम माणसाच्या मनातून काढता येत नाही.

साडेसहाशे वर्षांच्या या हकीकतीतून निघणारा धडा आपले घर सोडून धुराचा उगम शोधणाऱ्या प्रत्येक शहरासाठी आहे. लंडनला कळत नव्हते, असे नाही. १८८० मध्येच कळले होते. कळण्यापासून करण्यापर्यंत ७६ वर्षे गेली आणि १९५२ चे ते पाच दिवस गेले. विलंब अज्ञानाचा नव्हता. दोष मान्य केला, तर खर्च आपल्यावर येईल या भयाचा होता. ज्या दिवशी राज्याने त्या खर्चातील मोठा वाटा आपल्याकडे घेतला, त्या दिवशी घरोघरची दारे उघडली. उगम शोधावयाचा तो अपराधी पकडण्यासाठी नव्हे, तर वाटणी ठरविण्यासाठी. धूर साऱ्या गावाचा असतो हे खरे. तर मग त्याचा भारही साऱ्या गावाने, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, उचलला पाहिजे.